टाकीचा रकाना

दादा, आईला भांडुपला परत जायचंय. तुझं तेरावं झालं त्याच दिवशी तिनं पिशवी भरली, आणि तेव्हापासून ती पिशवी माझ्या मुलुंडच्या घरात दाराशी, चपलांच्या शेजारी उभी होती. रोज सकाळी चहाबरोबर तोच प्रश्न. "बाळू, माका कधी पोचवतलंस?" मी रोज नवं कारण द्यायचो. एकदा पाणी नाही म्हणालो, एकदा जिन्याचं रंगकाम निघालंय म्हणालो. गोष्टी रचण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे तुला सांगायला नको. पण मग एका सकाळी आईनं बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तू भियतंस काय रे?"

भितो. पण नेमका कशाला, ते तिला सांगता येत नव्हतं, म्हणून तुला लिहायला बसलो. तू होतास तेव्हा सांगायला हवं होतं. समोर बसून, तुझ्याच पद्धतीनं, आकड्यांसकट.

तू कुठे शिकलास, कुठल्या कुठल्या बोगद्यांच्या आधी जमीन तपासून दिलीस, हे वहिनीनं सगळ्यांना पाठवलेल्या मजकुरात आलंय. त्यात माझी भर नको. मला फक्त एका रविवारबद्दल बोलायचंय.

भांडुपला बी विंगच्या कडेची कंपाउंडची भिंत वीतभर खाली गेली होती, आठवतं? आपण लहानपणी तिथे राहायला आलो तेव्हा जुनी मंडळी सांगायची की टेकडीच्या या उतारावर पूर्वी खडीची खाण होती, ती राडारोडा टाकून बुजवली आणि वर आपली बिल्डिंग उभी केली. आपण ते भुताच्या गोष्टीसारखं ऐकायचो. तू मात्र मोठा होऊन त्याच भुताच्या मागे लागलास. भिंत खचलेली बघितलीस आणि पुढच्या रविवारी ऑफिसातलं यंत्र घेऊन हजर. बादलीएवढं यंत्र, तीन पायांवर ठेवायचं, आणि त्याला तू तान्ह्या बाळासारखं पोटाशी धरून टॅक्सीतून उतरवलंस.

"याच्या आत एक स्प्रिंग आहे," तू म्हणालास. "तिला इवलंसं वजन टांगलंय. खाली भरीव दगड असला की जमीन ते वजन किंचित जास्त ओढते. पोकळी असली की किंचित कमी."

"किंचित म्हणजे किती?"

"तुझ्या डोक्यात अक्कल आहे तेवढं."

"मग यंत्राला सापडायची नाही."

"यंत्र चांगलं आहे रे."

आई तळमजल्याच्या खिडकीतून ऐकत होती. तिनं गजांशी तोंड आणलं. "म्हंजे डबो उचलून बघतंस. आत तांदूळ किती उरलेत ता." तू इतका खूश झालास की तुझ्या ऑफिसात कुणी इतकं सोपं कधी सांगितलं नव्हतं म्हणालास. झाकण न उघडता, नुसतं हातात तोलून. आईनं तर आयुष्यभर तेच केलं.

मला तू नोंदी लिहायला घेतलंस. का, तर बाळूचं अक्षर सुंदर. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या माणसाचा जगाला एवढाच उपयोग. आवारात आणि आईच्या दोन्ही खोल्यांत खडूनं फुल्या मारल्या होत्या. प्रत्येक फुलीवर यंत्र ठेवायचं, पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणायचा, आणि मग कुणी हलायचं नाही. गेटवरून टेम्पो गेला तरी तू डोळे मिटून थांबायचास. दर तासाला गेटजवळच्या पिवळ्या ठिपक्यावर परत, पहिल्या जागीच पुन्हा आकडा घ्यायचा, म्हणजे मधल्या वेळात यंत्र किती बहकलं ते कळतं. मी म्हणालो, माणसांसाठी असा ठिपका हवा. तू म्हणालास, लिही.

वहीत शेवटचा रकाना टाकीचा होता. आईच्या खोलीला लागूनच सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी. "तासाला एकदा झाकण उचलून बघ आणि पाणी किती ते लिही," तू सांगितलंस. कारणही सांगितलं असशील. मी स्टाफ मीटिंगमध्ये हलवतो तशी मान हलवली.

सात वाजता मी झाकण उचललं. टाकी काठोकाठ. 'पूर्ण' असं लिहिलं, उकार-रफारासकट, देखणं. आठला झाकण जड वाटलं. नऊला मी तळमजल्यावरच्या मंडळींना तुझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होतो, तू गच्चीवरून छत्री घेऊन उडी मारलीस ती. दहा, अकरा, बारा. शेवटी बघतो तर रकाना कोरा. दादा, मला कोरी जागा बघवत नाही. पोरांनी चित्राचा कोपरा मोकळा सोडला तरी मी तिथे एक ढग काढून देतो. मी ओळीनं लिहून टाकलं. पूर्ण, पूर्ण, पूर्ण, पूर्ण, पूर्ण.

संध्याकाळी निघताना वॉचमन म्हणाला, आज टाकीचा घोटाळा झाला. पाणी थांबवणारा फ्लोट बिघडला होता, म्हणून त्यानं सकाळीच मीटरजवळची चावी बंद केली. होतं ते पाणी पंपानं वर चढलं आणि आठपासून टाकी कोरडी. प्लंबर आला चारला. मी "अच्छा" म्हणालो आणि घरी आलो. टाकीतल्या पाण्याचा आणि तुझ्या पोकळीचा काही संबंध असेल हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

ते शिरलं तीन आठवड्यांनी. तू आईच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडलास. वहिनी कांदिवलीहून थालीपीठं घेऊन आली होती. मी विचारलं, कॉम्प्युटर नेमकं करतो काय?

"आधी अंदाजानं एक पोकळी ठेवतो. अशी पोकळी असती तर कुठल्या फुलीवर किती आकडा आला असता ते काढतो. मग तुझ्या वहीतल्या आकड्यांशी ताडून बघतो. जमलं नाही तर पोकळी थोडी सरकवतो, थोडी मोठी करतो, पुन्हा ताडतो. हजारो वेळा."

"म्हणजे अंदाजच की."

"अंदाजच. पण न कंटाळता केलेला. आणि तरी तो एकच उत्तर देत नाही. जवळ थोडं कमी आहे की खोलवर बरंच कमी आहे, वरून दोन्ही सारखंच दिसतं."

मग तू बोटं मोडत सांगत गेलास. भिंतींचं वजन वजा केलंय, मागच्या टेकडीचं केलंय, टाकीत पाणी पूर्ण होतं तेही धरलंय. आणि पडद्यावर निळा डाग उमटला. आईच्या खोलीखाली, तिच्या पलंगापासून दारापर्यंत.

माझ्या हातातलं थालीपीठ हातातच राहिलं. तिथे नसलेलं पाणी मी तिथे लिहिलं होतं, आणि कॉम्प्युटर प्रामाणिकपणे शोधत होता की एवढं वजन गेलं कुठे. ते त्याला आईच्या पलंगाखाली हरवलेलं सापडलं. मी तोंड उघडलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, "रंग छान आलाय."

तेव्हा बोललो असतो तर दोन शिव्या खाल्ल्या असत्या आणि विषय संपला असता. पण तुझा चेहरा पांढरा पडला होता, आणि मला वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तू ते चित्र घेऊन सोसायटीत गेलास आणि मग उद्या आलाच नाही.

सेक्रेटरी परब तुला म्हणाले ते मी जिन्यात उभं राहून ऐकलं. "साहेब, तुम्ही शिकलेले आहात. पण खाली पोकळी आहे असं कागदावर आलं ना, की वरच्या चार मजल्यांची वाट लागली." तू एवढंच मागत होतास की एक भोक पाडून बघू द्या. मशीन येईल, मनगटाएवढं भोक, अर्ध्या दिवसाचं काम. ते नाही म्हणाले. मग तू आईला म्हणालास, काही दिवस माझ्याकडे चल. आईही नाही म्हणाली.

आणि मी काय केलं, तर जेवताना सगळ्यांदेखत म्हणालो, "दादा, तुझ्या कॉम्प्युटरला भीती वाटली म्हणून आईनं घर सोडायचं का?" सगळे हसले. आई सगळ्यात जास्त. मी हे बोलू शकलो कारण मला ठाऊक होतं की ती पोकळी जमिनीत नाही, माझ्या अक्षरात आहे. निदान मी तसं धरून चाललो होतो. तुला वेडा ठरवणं मला खरं बोलण्यापेक्षा सोपं गेलं.

एक सकाळ राहून राहून आठवते. तू माझ्याकडे मुलुंडला आला होतास. पोहे खात होतास. मान वर न करता विचारलंस, "बाळू, त्या दिवशी टाकी बघितली होतीस ना?"

"मग? खोटं लिहीन का मी?"

"नाही, सहज." आणि लिंबू मागितलंस.

त्यानंतर तू भोक पाडायचा विषय काढला नाहीस. मला वाटलं, वाद मी जिंकलो. पंधरा दिवसांनी तू गादी गुंडाळून भांडुपला राहायलाच आलास. म्हणे ऑफिस इथून जवळ पडतं. मी तुला किती छळलं. "अंधेरीचं ऑफिस कांदिवलीपेक्षा भांडुपहून जवळ? तुझा कॉम्प्युटर नकाशापण उलटा दाखवतो का रे?" तू नुसता हसलास. गादी घातलीस ती कुठे, तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला आडवी. आई कुरकुरायची, "चाय करूक जावचा तर ह्येका ओलांडून जावचा लागता." मग तिला उठवायच्या आधी तूच उठून चहा करायला लागलास. पाणीसुद्धा कधी न उकळलेला माणूस तू. भांडी घासलीस, भाकऱ्या शिकलास, तिला म्हणालास तू खोलीतच बस, हातात आणून देतो. मी विचारलं, निवृत्त झाल्यावर खानावळ काढतोयस का? आई सगळ्या बिल्डिंगला लेकाचं कौतुक सांगत सुटली, म्हातारपणी झील परत इलो.

पाच महिने तू त्या उंबऱ्यात झोपलास.

मग ती दुपार. तू आईला वाढलंस, स्वतःचं ताट घेऊन खुर्चीत बसलास. आई म्हणते ती दोनदा म्हणाली, भाकरी थंड होतेय रे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदयाच्या शिरा बऱ्याच वर्षांपासून भरत आल्या होत्या, आज ना उद्या. मी मान हलवली. तशीच, स्टाफ मीटिंगसारखी. पण माझ्या मनात एकच चाललं होतं. ज्या जमिनीला हा घाबरत होता तिच्यावर हा पाच महिने झोपला, आणि ती भीती त्याला मी लिहून दिली. सुवाच्य अक्षरात.

तेराव्याला वहिनीनं लॅपटॉप आणि वही माझ्या हातात ठेवली. "भावजी, हे तुमच्या अक्षरातलं आहे. मी ठेवून काय करू?"

आठ दिवस मी लॅपटॉप उघडला नाही. कपाटात टॉवेलांखाली ठेवला, जसा काही तो ओरडेल. रकाना दुरुस्त करून मॉडेल पुन्हा चालवणं मला येतं. तूच शिकवलं होतंस, माकडालाही जमेल म्हणत. पण चालवल्यावर पोकळी नाहीशी झाली तर? तर माझ्या भावानं शेवटचे महिने एका नसलेल्या खड्ड्याच्या काठावर काढले, आणि तो खड्डा मी खणला. आणि नाहीशी झाली नाही तर? तर दाराशी ती पिशवी आहेच. दोन्हींपैकी कुठल्या उत्तराला मी जास्त भितो तेच ठरेना. कपाटातून टॉवेल काढायलाही बायकोला पाठवत होतो.

आईनं "तू भियतंस काय" विचारलं त्याच सकाळी उघडला.

तुझी फाइल उघडली. माझ्या वहीतलं सगळं तिथे आकडे होऊन बसलं होतं. 'पूर्ण'च्या जागी तू एक मांडला होतास. एकाखाली एक, सगळे एक. ते शून्य करायला हात पुढे केला, तेवढ्यात खाली दुसरी फाइल दिसली. 'टाकी दोन'. तिच्यात पहिला एक, आणि त्याखाली शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य.

वर दोन-तीन ओळी मराठीत होत्या, प्रत्येकीच्या आधी जाळीसारखी एक खूण. तू सांगितलं होतंस की ओळीच्या सुरुवातीला ती खूण असली की कॉम्प्युटर ओळ वाचत नाही, ती माणसांसाठी असते. तिथे लिहिलं होतंस: टाकी आठपासून रिकामी होती. वॉचमनकडून कळलं. बाळूला विचारलं, बघितली होती म्हणतो. त्याला आता काही बोलायचं नाही. आधी रडेल, मग सगळ्यांना गोष्ट करून सांगेल.

दोन्ही केलं बघ.

रडून झाल्यावर बटण दाबलं. पंखा घुरघुरला. तो हजारो वेळा अंदाज करत होता आणि मी टेबलाची कड धरून बसलो होतो. डाग उमटला. पलंगाखालून गेला होता. लहान झाला होता, थोडा खोल गेला होता, आणि सरकून स्वयंपाकघराखाली आला होता. ओट्यापासून मोरीपर्यंत. त्याच्याखाली तुझी आणखी एक ओळ: लहान झाली, गेली नाही. पोकळ की भुसभुशीत भराव, आकड्यांवरून सांगता येत नाही. भोक पाडल्याशिवाय नाही.

तुझी गादी उंबऱ्याला आडवी का होती ते मला तेव्हा कळलं. आणि ते चहा, त्या भाकऱ्या.

दुसरं चित्र तू सोसायटीला का दाखवलं नाहीस तेही कळलं. दाखवायचं तर पहिलं का चुकलं ते सांगावं लागलं असतं. भर मीटिंगमध्ये, माझं नाव घेऊन. तू ते टाळलंस आणि उंबऱ्यात आडवा झालास. दादा, हे तू बरोबर केलं नाहीस. हा आपला वाद अजून बाकी आहे. माझी अब्रू एवढी मोठी नव्हती की तिच्यावर आईचं स्वयंपाकघर तोलून धरावं. मला चारचौघांत दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्यास. आभार मानतो, पण भांडतोही.

रविवारी सोसायटीची मीटिंग होती, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी दोन्ही चित्रं घेऊन उभा राहिलो. पस्तीस वर्षं वर्गापुढे उभा राहणारा माणूस, खुर्चीची पाठ धरून उभा. सांगितलं सगळं. झाकण, गप्पा, पाच वेळा पूर्ण.

परबांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी धरून बघितली. "मास्तर, म्हणजे पहिलं तुमच्यामुळे चुकलं."

"हो."

"मग दुसरं बरोबर कशावरून?"

"ते मला माहीत नाही. दादालाही नव्हतं. म्हणून तर भोक मागत होता."

मग तिसऱ्या मजल्यावरच्या कांबळे मॅडम, त्या नर्स आहेत ना, ड्यूटीवरून थेट आलेल्या, म्हणाल्या, "पाडा की मग. मी तिसऱ्यावर राहते म्हणजे काय हवेत राहते का?" आणि हात वर केला. एकेक करत हात वर गेले. परबांचा शेवटी, पण गेला. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नोंद तुम्हीच ठेवा, मास्तर. फक्त या वेळी बघून लिहा."

घरी येऊन आईला सांगितलं. सगळं, शून्यांसकट. शेवटी म्हणाली, "म्हंजे तेका ठाऊक होता."

"हो."

"माका वाटला, झिलाक आवशीची दया इली." तिनं पदराची कड बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "चाय मात्र वायट करी." आणि थोड्या वेळानं, "ती पिशवी भितर ठेव."

आईची पिशवी आता कपाटात आहे, टॉवेलांच्या जागी.

सोमवारी मशीन येतंय. मोरीच्या अलीकडे, तुझ्या गादीचं डोकं यायचं तिथे मी खडूनं फुली मारून आलो. मारताना पाय हलके टाकत होतो, मांजरासारखे. वर पहिल्या मजल्यावर कुणी पाट सरकवला तर मी खडूसकट उंबऱ्याबाहेर आलो. खाली काय आहे कुणास ठाऊक. नुसता भराव असेल. नसेलही. वर चार मजले माणसं झोपतात, आणि त्यांना सोमवारपर्यंत थांबा म्हणणारा माणूस मी आहे.

तुझ्या वहीचं पुढचं पान काढलं आणि पट्टीनं रकाने आखले. किती खोल. काय निघालं. दुसरा रकाना रुंद ठेवलाय. पांढराशुभ्र दिसतो, समोर ठेवून तासभर बसलो होतो, हात शिवशिवत होते. काही लिहिलं नाही. पेनाला टोपण लावून ठेवलंय.